मासे बघायचा मुहूर्त

हरकिशनभाई कंसारा गर्दीला भितात असं कुणी म्हणालं की त्यांना राग येतो. "भीत नाही, मला ती आवडत नाही," असं ते सांगतात, आणि तेही ऐकायला फारसं कुणी नसताना. आमच्या मणिनगरच्या नीलकमल फ्लॅटमध्ये त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी विनूबेन, टेलिफोन खात्यातून निवृत्त. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे दुसऱ्यांचे संसार नीट बघायला सवड मिळाली. हा समोरचा संसार मी सगळ्यात जवळून पाहिलाय.

हरकिशनभाई मंदिरात जातात ते देव, म्हणजे आमचे ठाकोरजी, झोपलेले असताना. बंद दाराला हात जोडायचे आणि घरी येऊन सांगायचं, काय निवांत दर्शन झालं. लग्नाच्या जेवणाला ते मांडववाल्यांच्या बरोबरीनं पोचतात. आचारी अजून सुरण सोलत असतो. त्याच्याशी दोन शब्द बोलून, अहेराचं पाकीट दिसेल त्या काकाच्या हातात कोंबून, नवरी पार्लरमधून यायच्या आत हे परत. सिनेमा बघायचा तो उतरायच्या दिवशी. एकदा थिएटरात हे नवराबायकोच होते, म्हणून मालकानं खेळच रद्द केला. दमूबेन, म्हणजे त्यांची बायको, हिरमुसली, पण हे खूश होते, कारण पार्किंगमधून गाडी लगेच निघाली. अहो, स्वतःच्या लग्नात वरातीत फार माणसं झाली म्हणून हा माणूस रिक्षा करून पुढे जाऊन मांडवात बसला होता. घोडी मागून आली, रिकामी. दमूबेनच्या माहेरी अजून हे सांगून हसतात.

या सगळ्याला अपवाद वर्षातला एकच दिवस, उत्तरायण, आमची पतंगांची संक्रांत. त्या दिवशी सगळं अमदावाद गच्चीवर असतं, आणि आमच्या गच्चीवर सगळ्यांत पुढे हरकिशनभाई. डोक्यावर टोपी, बोटांना चिकटपट्टी, मागे पोरंटोरं, भाडेकरू, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, स्पीकरवर गाणी. ती गर्दी त्यांना दिसतच नाही, कारण मान वर असते. आणि पाठीमागे फिरकी धरून दमूबेन. लग्न होऊन आली त्या साली तिच्या हातात फिरकी दिली, ती अजून तिच्याच हातात आहे. फिरकी धरणाऱ्यानं वर बघायचं नसतं. मांजाकडे बघायचं, ढील म्हटलं की सोडायचं, लपेट म्हटलं की गुंडाळायचं, आणि पतंग कटला तर चूक आपली मानायची. दमूबेनला मी एकदा विचारलं होतं, आज किती पतंग काटले यांनी? म्हणाली, "मला काय ठाऊक, मी तर खालीच बघत होते."

आता दमूबेनचं सांगते. ती मांगरोळची, समुद्राकाठची. पण घर वैष्णवाचं, सोवळ्याओवळ्याचं. बंदरावरून मासळीची टोपली आली की आजी ओरडायची, तोंड फिरव, नाक दाब. म्हणून समुद्राकाठी वाढलेल्या या बाईनं मासे बघितले ते मेलेले, आणि तेसुद्धा चोरून, बोटांच्या फटीतून. गेल्या वर्षी आमच्याकडे नदीपलीकडे 'मत्स्यलोक' नावाचं मोठं मत्स्यालय निघालं. आत काचेचा बोगदा, डोक्यावरून मासे जातात. सगळं शहर तिथे लोटलं. दमूबेन मला म्हणाली, "विनूबेन, मला एकदा ते जिवंत बघायचेत. पोहताना. कुणी तोंड फिरव म्हणणार नाही असे."

हौस म्हणून थांबलं असतं तर मीही मनावर घेतलं नसतं. पण त्याच सुमारास तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं कमी होत चाललं होतं. भाजीवाला डावीकडून आला की ती दचकायची. डॉक्टरनं थेंब दिले आणि सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, जे उरलंय ते जितकं टिकेल तितकं टिकवायचं. जे बघायचं ते आत्ताच बघून घ्यायचं, हे डॉक्टर नाही म्हणाला. ते दमूबेननं स्वतःच ठरवलं.

तिनं नवऱ्याला सांगितलं आणि हरकिशनभाई कामाला लागले. त्यांचं बायकोवर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "दमू, तुला मी असे मासे दाखवतो की तू आणि मासे, मध्ये कुणी नाही." एवढं म्हणून ते मत्स्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागले. कुठल्या वारी किती माणूस येतं, शाळांच्या सहली कधी, बसगाड्या कधी, जेवणाच्या वेळी गर्दी ओसरते का, सगळं डोक्यात. टपरीवाल्याला आधी ते इन्कमटॅक्सचे वाटले, मग पोलीस वाटले, शेवटी तो त्यांच्याकडून चहाचे पैसेच घेईना. इतक्या वेळा गेले, पण रस्ता ओलांडून आत काही गेले नाहीत. का, तर गर्दी होती.

पहिल्यांदा त्यांनी सोमवार काढला. आम्ही तिघं माझ्या गाडीतून गेलो, कारण त्यांनी गाडी कधीच विकली होती, रस्त्यावर फार गाड्या असतात म्हणून. मत्स्यालयापाशी चिटपाखरू नव्हतं. हरकिशनभाई गाडीतून उतरून हात पसरून उभे राहिले.

"बघ दमू, बघ. याला म्हणतात अभ्यास. काय शांतता आहे."

बराच वेळ त्यांनी ती शांतता उपभोगली. मग पहारेकरी आला आणि म्हणाला, काका, सोमवारी बंद असतं.

दुसऱ्यांदा क्रिकेटची अंतिम लढत. सगळं शहर टीव्हीसमोर असणार हा त्यांचा हिशेब, आणि तो अर्धा बरोबर निघाला. पुरुष टीव्हीसमोर होते. त्यांनी घरात गोंधळ नको म्हणून बायकापोरांना बाहेर पिटाळलं होतं, आणि त्या सगळ्या मत्स्यालयात आल्या होत्या. रांग रस्त्यापर्यंत होती. दमूबेन म्हणाली, "उभे राहू या की, मला चालेल." हरकिशनभाईंनी तोंड असं केलं की जणू तिनं रस्त्यात झोपू या म्हटलं.

तिसऱ्यांदा त्यांनी ग्रहण धरलं. ग्रहणात कोण बाहेर पडतंय. खरंच होतं ते, कारण दमूबेनच बाहेर पडली नाही.

असं करता करता वर्ष सरत आलं. दिवाळीनंतर दमूबेनला पुन्हा तपासलं तर डाव्या डोळ्याची कड आणखी आत आली होती. त्या दिवशी हरकिशनभाई माझ्याकडे चहाला बसून मे महिन्यातल्या भर दुपारचा बेत सांगायला लागले. ऊन इतकं असतं की कुत्रंसुद्धा फिरकत नाही, म्हणे. माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "मे कशाला, उत्तरायणालाच जा ना. त्या दिवशी शहरात जमिनीवर माणूस नसतो. मारुतीचं देऊळसुद्धा रिकामं असतं."

मी टोमणा मारला होता. हरकिशनभाईंचा कप हातातच राहिला. त्यांना ते पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच त्यांचा चेहरा उतरला होता.

"उत्तरायणाला?"

"दुसरा मुहूर्त असेल तर सांगा."

ते कप ठेवून उठून गेले. पुढचे काही दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, असं दमूबेन म्हणाली. मांजाला रंग लावायला दिला होता तोही आणायला गेले नाहीत. मग एका सकाळी दार वाजवून त्यांनी मला सांगितलं, "विनूबेन, गाडी तयार ठेवा. तिच्यासाठी एक उत्तरायण गेलं तर गेलं." खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. वर्षभरात तेवढाच.

प्रश्न होता सोसायटीला काय सांगायचं. आमच्याकडे उत्तरायणाला गच्चीवर न येण्यासाठी कुणीतरी मरावं लागतं. हरकिशनभाईंनी भावनगरच्या एका मामांना मारलं. ते मामा खरोखरच बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते, तेव्हा ते खोटंही नव्हतं. "मामा वारले हो," एवढंच ते म्हणाले, कधी ते कुणी विचारलं नाही.

उत्तरायणाच्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा रस्ते ओस पडले होते आणि आभाळात बोट ठेवायला जागा नव्हती. दमूबेननं नवी साडी नेसली होती, मोरपिशी. पिशवीत तिळाची चिक्की आणि बोरं. ती पुढे माझ्याशेजारी बसली. हरकिशनभाई मागे, खिडकीतून मान बाहेर.

"अरे, असा काय खेचतोय तो. ढील दे, गाढवा, ढील दे."

"अहो, मान आत घ्या," दमूबेन म्हणाली. "मांजा आला तर गळा कापेल."

"मी आतच आहे. तू मासे बघायची तयारी कर."

पुलावरून जाताना ते एकदाच हळू आवाजात म्हणाले, "वारा काय सुटलाय आज. असा वारा पुन्हा नाही यायचा." मी आरशात बघितलं नाही.

मत्स्यलोकचं फाटक उघडं होतं. आत एकही गाडी नाही, एकही माणूस नाही, आइस्क्रीमवालासुद्धा नाही. हरकिशनभाईंना भरून आलं. आयुष्यभर ज्याचा पाठलाग केला ते त्यांना सापडलं होतं. पण तिकिटाच्या खिडकीतही माणूस नव्हता. मी हाका मारल्या. तेवढ्यात डोक्यावरून पतंग काटल्याची दहाबारा गळ्यांची आरोळी आली, "काय पो छे." मग पिपाण्या वाजल्या. मत्स्यलोकची सगळी माणसं मत्स्यलोकच्या गच्चीवर होती.

"मी तिकिटवाल्याला घेऊन येतो," हरकिशनभाई म्हणाले. "दोन मिनिटं." आणि लोखंडी जिन्यानं ते वर गेले. त्या वयाच्या माणसानं जिना असा चढू नये.

आम्ही पायरीवर बसलो. दमूबेननं बोरं काढली. आम्ही बोरं खाल्ली, मग चिक्की खाल्ली, मग नुसत्याच बसलो. वरून आरोळ्या येत होत्या. त्यात एक आवाज ओळखीचा होता.

"वर जायला हवं," मी म्हटलं.

"येतील," ती म्हणाली. थोड्या वेळानं ती स्वतःच उठली.

वर जाऊन बघतो तर काय, हरकिशनभाईंचा कोट पाण्याच्या टाकीवर, बाह्या वर, हातात मांजा. पाठीमागे मत्स्यलोकची झाडून सगळी माणसं. तिकिटवाला, पहारेकरी, माशांना खायला घालणारा, टाक्या घासणारे, उपाहारगृहाचा आचारी. पलीकडे एका हॉटेलची गच्ची होती आणि त्या हॉटेलवाल्यांनी सकाळपासून यांचे पतंग कापून यांना रडवलं होतं. हरकिशनभाईंनी येऊन फक्त एक पेच लावून दाखवतो म्हटलं होतं. तो जिंकला. मग त्या लोकांनी त्यांना सोडलंच नाही, आणि ते सुटायला बघतही नव्हते. माणसं त्यांच्या अंगावर रेलत होती, कानात ओरडत होती, खांद्यावर थापा मारत होती. इतक्या गर्दीत इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना पाठीमागे पायांचा आवाज कळला. मान न वळवता त्यांनी म्हटलं, "दमू, आलीस? फिरकी धर."

आणि तिनं धरली. तिचं तिलाही कळलं नसेल, हात आपोआप पुढे झाले. तिकिटवाला भला माणूस होता. तो तिला म्हणाला, "बेन, मासे बघायला आलात ना? दार उघडंच आहे, जा आत. तिकीट मग घेऊ. आज चार वाजता बंद करतो आम्ही."

"हे आले की जाते," दमूबेन म्हणाली.

ती उन्हात उभी राहिली, नव्या साडीत. पांढरा मांजा, पांढरं ऊन. मला धड दिसत नव्हता तर तिला काय दिसणार. तिनं ढील द्यायला उशीर केला. मांजा अडकला, हॉटेलवाल्यांचा लाल पतंग अंगावर आला आणि यांचा पतंग कटला. पलीकडून थाळ्या वाजल्या.

"डोळे कुठे आहेत तुझे?" हरकिशनभाई ओरडले.

ते आभाळाकडे बघूनच ओरडले. त्यात वाईट हेतू नव्हता, मला माहीत आहे. दर उत्तरायणाला ते असंच ओरडतात. पण या वेळी दमूबेननं फिरकी नीट गुंडाळली, टोक आत खोचलं, माझ्याकडे आली.

"विनूबेन, धरा जरा," ती म्हणाली, आणि जिन्याकडे गेली. एक हात कठड्यावर ठेवून, एकेक पायरी चाचपत उतरली.

मी, जिनं आयुष्यात कुणाची फिरकी धरली नाही, ती तिथे फिरकी धरून उभी. दुसरा पतंग चढला. "दमू, ढील," हरकिशनभाई म्हणाले. मी ढील दिली. "दमू, लपेट." मी लपेटलं. माझी बोटं कापली, मान अवघडली, आणि त्या माणसानं एकदाही मागे बघितलं नाही. मनात आलं, फिरकी घालावी यांच्या डोक्यात. शेवटी मी ती पहारेकऱ्याच्या हातात दिली. त्याला मिशा होत्या, चांगल्या झुपकेदार. जिन्यावर मला पाठीमागून ऐकू आलं, "शाबास दमू, आता कसं."

खाली आत गेले. गार होतं आणि निळा अंधार होता. बोगद्याच्या मधोमध दमूबेन फरशीवर मांडी घालून बसली होती. पुढे चला म्हणणारं कुणी नव्हतं, मध्ये येणारं कुणी नव्हतं. हरकिशनभाईंनी कबूल केलं होतं अगदी तसंच, ती आणि मासे.

मी शेजारी बसले. एक चपटा मासा डोक्यावरून गेला, तव्यावरून उचललेल्या पोळीसारखा हेलकावत. तिला कडेचं दिसत नसल्यामुळे प्रत्येक मासा तिच्यासमोर अचानकच उगवायचा, आणि प्रत्येक वेळी ती पाहुणा दारात आल्यासारखी जराशी सरसावून बसायची.

"विनूबेन, हे डोळे मिटतच नाहीत. सारखे उघडेच."

"त्यांना पापण्या नसतात, असं वाचलंय."

"किती छान," ती म्हणाली. मग एका जाडजूड ओठाच्या माशाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बघा. जेवणात मीठ कमी पडलं की हे असे बसतात." आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला.

आणखी काही मासे डोक्यावरून गेले. मग तिनं काचेला हात लावला आणि म्हणाली, "आजी चुकली होती. यांना वासच नाही." ती रडत होती. मी रुमाल पुढे केला तर तिनं घेतला नाही. डोळे पुसायलाही तिला वेळ घालवायचा नव्हता. दिवे मालवायला माणूस येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा हरकिशनभाई जिन्यावरून उतरत होते. तोंड उन्हानं लाल, बोटांना रक्त, आणि काखेत एक फिरकी. ती त्यांना मत्स्यलोकवाल्यांनी प्रेमानं भेट दिली होती. बरोबर सगळी वरात होती. तिकिटवाला आमच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायला तयार होईना. काकांनी हॉटेलवाल्यांचं आभाळ साफ केलं होतं.

"चल दमू, आता मासे बघू," हरकिशनभाई म्हणाले.

"काका, बंद झालं," तिकिटवाला म्हणाला. "पुढच्या उत्तरायणाला या. तेव्हाही गर्दी नसते."

गाडीत दमूबेन या वेळी मागे बसली, त्यांच्याशेजारी. हरकिशनभाईंनी बसल्या बसल्या ती फिरकी तिच्या मांडीवर ठेवली, जशी दरवर्षी घरी जाताना ठेवतात. पूल ओलांडेपर्यंत ते पेच सांगत होते. तो लाल कसा आला, याला कसा घेतला, वारा कसा फिरला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की कुणी हं म्हणत नाहीये.

"तू बघितलेस ना गं?"

"बघितले."

"माझा हिशेब बरोबर निघाला की नाही? गर्दी नव्हती ना?"

"नाही. गर्दी अजिबात नव्हती," दमूबेन म्हणाली. "तुम्हीसुद्धा नव्हता."

हरकिशनभाई खिडकीबाहेर बघायला लागले. आभाळात पतंग तसेच होते, पण आता ते कुणाला ढील दे म्हणाले नाहीत. मणिनगर जवळ आलं तेव्हा घसा खाकरून म्हणाले, "आपण परत येऊ. दोघं मिळून बघू. मी चांगला दिवस शोधतो."

"शोधा सावकाश," ती म्हणाली. "मला आता घाई नाही."

मी आरशात बघितलं. तिनं मांडीवरची फिरकी उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.